कागदावरची छकुली

३ मार्च

प्रिय छकुली,

तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीच म्हणायची, पत्र कुठलं! नऊ वर्षांनी माणूस सख्ख्या बहिणीला लिहितो आणि तीन ओळी? "माझा जन्माचा मूळ दाखला पाठव. नाव बदलायचा अर्ज करते आहे. फोन करू नकोस, काय ते लेखी कळव." वर 'ताई' नाही, खाली सही नाही. वीज तोडायची नोटीस आली तरी तिच्यावर 'महोदय' असतं गं.

बरं, लेखी तर लेखी. मला काय, दिवसभर लिहीतच असते, फक्त सुईने.

पोस्टमन आला तेव्हा मी दुकानातच होते. समोर चाळीस शर्टांचा ढीग, सगळे सुरक्षा रक्षकांचे. तू गेलीस तेव्हा माझं एकच मशीन होतं. आता भरतकामाची तीन आहेत, आणि काजं-बटणांना एक मावशी येतात. काम तेच. खिशावर नाव भरून द्यायचं. नर्सा, वॉचमन, आचारी, शाळेची पोरं. रोज साठ-सत्तर नावं हाताखालून जातात, एकही चुकत नाही. पण तुझी चिठ्ठी वाचली आणि पुढचीच सुई एका बिचाऱ्याच्या आडनावातून सरळ खिशाच्या बाहेर गेली. शर्ट वाया.

तर नाव. तुला त्याचा राग आहे ना? मग ते कसं पडलं ते एकदा माझ्या तोंडून ऐक. तू ऐकलंयस ते आईचं, आणि आईला ते कधी मजेने सांगताच आलं नाही.

तू चार दिवसांची होतीस, आई अजून हॉस्पिटलात. बाबा मला घेऊन नोंदणीच्या कचेरीत गेले. मी सात वर्षांची, कशीबशी टेबलाला नाक टेकेल एवढी. कारकुनाने विचारलं, "मुलीचं नाव?" आईने बाबांना तीन नावं सांगून पाठवलं होतं. बाबा तिन्ही विसरले. शंभर घरांच्या पाण्याच्या मीटरचे आकडे तोंडपाठ असलेला माणूस, पण तीन नावं नाहीत राहिली. जरा वेळ छताकडे बघितलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू मोठी बहीण ना? तू सांग."

मी म्हटलं, छकुली. मला दुसरं काय सुचणार?

कारकून म्हणाला, "अहो, हे घरातलं झालं. कागदावरचं सांगा." बाबा म्हणाले, "घरात आणि कागदावर पोरगी एकच आहे. लिहा." त्याने लिहिलं. आई दोन दिवस बाबांशी बोलली नाही. मला मात्र आकाश ठेंगणं झालं होतं. वर्गात सगळ्यांना सांगत सुटले की आमच्या बाळाचं नाव मी ठेवलं, सरकारने लिहून घेतलं.

आणि आता त्रेचाळिसाव्या वर्षी ते तुला टोचायला लागलं. का, तर मोठी डॉक्टरीण झालीस म्हणून? खरं सांग, कुणी हसलं का? हसेनात का मेले! हसून हसून दात पडतील त्यांचेच.

आई बरी आहे. थोडा खोकला आहे, हवा बदलली की होतोच. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

दाखला शोधते आहे. सापडला की पाठवते.

ताई


११ मार्च

प्रिय छकुली,

या वेळी पानभर लिहिलंस. पहिलीच ओळ अशी, की मला चोरी पकडल्यासारखं झालं. "दाखला जिन्याखालच्या लोखंडी पेटीत निळ्या पिशवीत असतो, शोधायचं नाटक करू नकोस." नाटकच होतं. दाखला दिला की तुझं आमच्याशी काही काम उरणार नाही, म्हणून अडकवून ठेवला होता.

तू त्या बाईचं लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. आमच्या मावशींना मी तुझं काम नेहमी सांगते. माणसाच्या अंगातला कणभर तुकडा काचेच्या पट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकातून बघायचं, आणि आजार कोणता ते लिहून द्यायचं. पण त्या लिहिण्याखाली तुझं नाव असतं आणि ते कुणीतरी वाचतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्या बाईचा रिपोर्ट तू केलास, खाली तुझी सही, तुझं नाव. तिच्या नवऱ्याने ते वाचलं, हसला आणि म्हणाला, "ही कुठली बालवाडी? आपण दुसरीकडे दाखवू." रिपोर्टाची घडी घालून खिशात ठेवली, आणि ती खिशातच राहिली. बाई परत आली ती अडीच महिन्यांनी, तेव्हा करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

पुढे तू लिहिलंयस, "तू म्हणशील, नवरा मूर्ख. असेल. पण मूर्ख माणसांच्या बायकांनाही माझा रिपोर्ट लागतो, ताई."

मी तुला 'मोठी डॉक्टरीण झालीस म्हणून' असं लिहिलं होतं. ते पत्र परत मागवता आलं असतं तर बरं झालं असतं.

तुझ्या पहिल्या नोकरीच्या वेळी मी सहा पांढरे कोट पाठवले होते, आठवतात? प्रत्येकाच्या खिशावर गुलाबी रेशमात 'डॉ. छकुली', आणि शेजारी एक छोटी चिमणी. केवढी मिजास होती मला त्या चिमणीची! हॉस्पिटलातली पोरं-पोरी तुझ्या मागून चिवचिव करत फिरायची, हे तू मला पुढे चार वर्षांनी भांडणात सांगितलंस. म्हणालीस, ब्लेडने एकेक टाका उसवला, तरी भोकं राहिली. त्यावर मी काय म्हणाले? "धुतल्यावर भरली असती." अशी मी.

परवा दुकानात एक वॉचमन आला होता. साठीचा गडी, झुपकेदार मिशा, आवाज असा की मावशींच्या हातातलं बटण पडलं. म्हणाला, "नाव भरायचंय. बंटी." मी म्हटलं, "नातवाचा शर्ट का?" तर म्हणे, "नाही बाई, माझाच. कागदावर पण बंटीच आहे." मग मला राहवेना. म्हटलं, काका, आयुष्यभर कसं निभावलंत हो? त्याने मिशीवरून हात फिरवला. "लहानपणी शोभलं. आता परत शोभतंय, पोरं 'बंटीआजोबा' म्हणतात. मधली चाळीस वर्षं मात्र फरपट झाली. कुणाला दम द्यायला गेलो की आधी तो नाव विचारायचा."

मी हसले. तो गेला आणि मग हसू आलं नाही. तू त्या मधल्या चाळीस वर्षांत आहेस. आपण पोरांच्या गणवेशात शिवणीला दोन बोटं माया सोडतो, पुढे उसवून मोठा करता येतो. मी तुला नाव दिलं तेव्हा काहीच सोडलं नव्हतं.

आता खरं ते लिहिते. मागच्या पत्रात आई बरी आहे असं लिहिलं, ते खरं नाही. खोकला दोन महिन्यांचा आहे. दोन झंपर मीच तिला आत घेऊन दिले, इतकी उतरली आहे. मानेच्या डाव्या बाजूला, हाडाच्या वर, सुपारीएवढी गाठ आली आहे, टणक. डॉक्टरांनी त्यातला तुकडा काढून तपासायला पाठवला आहे. आईने मला बजावलंय, "छकुलीला कळवू नकोस. आधीच तिचा माझ्यावर राग, त्यात हे कशाला?"

तरी कळवते आहे. ये गं. तिला तू हवी आहेस, तोंडाने म्हणत नाही एवढंच.

ताई


१९ मार्च

छकुली,

तुझं उत्तर आलं. "आईला डॉक्टर आहेत. बाबांच्या वेळी मला न विचारता तिचं सगळं नीट पार पडलं, आताही पडेल." बास. एवढंच.

मी ते आईला वाचून दाखवलं नाही. ती खिडकीपाशी बसली होती. "काय म्हणते?" म्हणाली. मी म्हटलं, कामात आहे. ती म्हणाली, "असू दे, असू दे." आणि खोकायला लागली.

आता मी जे लिहिणार आहे ते नऊ वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं. बसून वाच.

बाबांचं तुला आईने कळवू दिलं नाही, असं तू धरून चालली आहेस. तू आलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं, घरात त्यांच्या चपला तेवढ्या होत्या. तू दारातच ओरडलीस, "कुणी ठरवलं हे? मला सांगायचं नाही हे कुणी ठरवलं?" आई पुढे झाली आणि म्हणाली, "मीच नको म्हटलं. तुला झेपलं नसतं." तू बॅग उचललीस आणि गेलीस. तेव्हापासून तू आईचं नाव टाकलंस.

आईने नको म्हटलं नव्हतं. आईला वाटत होतं तुला मी कळवलं आहे, तुलाच रजा मिळत नाही. ठरवलं मी.

बाबांच्या यकृताचं निघालं तेव्हा तू नव्या हॉस्पिटलात लागून महिनाच झाला होता. मी स्वतःला सांगितलं, छकुली आहे ती, कोसळेल, नोकरी सोडून धावत येईल. चौतीस वर्षांची बाई तू, रोज परक्या माणसांना त्यांचं मरण लिहून देणारी. आणि मी म्हणते, छकुलीला झेपणार नाही. तू दर रविवारी फोन करायचीस. सात रविवार मी म्हटलं, बाबा झोपलेत. ते झोपलेले नसायचे, पलीकडच्या खोलीत जागेच असायचे. विचारायचे, "कुणाचा गं फोन?" मी सांगायचे, गिऱ्हाइकाचा.

आणखी आहे. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आईलासुद्धा नाही.

चौथ्या आठवड्यात बाबांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, "छकुलीला बोलाव. तिला हे बघायची सवय आहे. किती दिवस राहिले ते ती मला सरळ सांगेल. तुम्ही दोघी नुसत्या नाक पुसता." मी म्हटलं, बाबा, कळवलंय, तिला रजा मिळत नाही. त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाले, "नवी नोकरी आहे. नाहीच देणार लगेच." त्यानंतर त्यांनी तुझं नाव काढलं नाही. फोन वाजला की दाराकडे बघायचे, बास.

तुला रजा मिळाली नाही असं समजून ते गेले. तू येऊ शकली असतीस पण आली नाहीस, असंही शेवटी त्यांच्या मनात आलं असेल. मला माहीत नाही. मी विचारलं नाही, विचारणार कुठल्या तोंडाने?

का केलंस, असं तू विचारशील. तुला जपायला, असं मी वर्षानुवर्षं घोकलं. थापा सगळ्या. त्या घरात मी मोठी होते. औषधं मी द्यायची, डॉक्टरांशी मी बोलायचं, आई माझ्याकडे बघायची. तू आली असतीस तर पहिल्या दहा मिनिटांत सगळं तुझ्या हातात गेलं असतं, कारण तुला येत होतं आणि मला येत नव्हतं. तू मोठी झालीस तर मग मी कोण, हे मला कळेना. म्हणून तुला लहानच ठेवलं. नाव आयतं होतंच.

आईला भांडणाच्या दिवशी सगळं कळलं, तुझ्या ओरडण्यातून. तू गेल्यावर मला एवढंच म्हणाली, "तुझ्यावर आलं असतं तर तुम्ही दोघी तुटला असतात. माझ्यावर येऊ दे, आई आहे मी." पण तुटलो ते तुटलोच, वर ती पण गेली तुझ्यातून. नऊ वर्षं ती हे गिळून बसली आहे, आणि मी तिला गिळू दिलं.

मला माफ करू नकोस. पण तिचा यात काही दोष नाही, आणि तिच्याकडे किती वेळ आहे ते मला माहीत नाही.

ताई


२४ मार्च

तुला काय हाक मारू ते कळेना, म्हणून वरची जागा मोकळी सोडली आहे.

सोबत पार्सल आहे. त्यात तीन गोष्टी आहेत. पहिली, तुझा दाखला, मूळ. घडीवर फाटायला आला होता, मागून कापडाची पट्टी लावली आहे. पुढच्या बाजूला काही केलेलं नाही.

दुसरी, लाकडी डबीत काचेच्या पट्ट्या. आईच्या गाठीच्या. हॉस्पिटलातून मागून घेतल्या. तिथली मुलगी म्हणाली, दुसरीकडे दाखवायचं असेल तर अर्ज द्या. अर्जात 'कुणाला दाखवणार' असा रकाना होता. मी लिहिलं, 'मुलीला'. ती म्हणाली, "असं नाही चालत, डॉक्टरांचं नाव लिहा." मग मी तुझं नाव लिहिलं, हुद्द्यासकट. तिने वाचलं आणि वर बघितलं. तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. मी तिला म्हटलं, "हसायचं असेल तर हसून घ्या, पण हिने लिहिलेलं कधी चुकत नाही." त्या क्षणी मला कळलं की तू वीस वर्षं रोज काय सोसलंस. माझ्यावर एकदाच ती वेळ आली, तर माझे कान तापले. ते घरी येईपर्यंत तापलेलेच होते.

तिसरी, तिथल्या रिपोर्टाचं पाकीट. ते बंद आहे. मी उघडलेलं नाही. डॉक्टर सांगायला निघाले होते, मी त्यांना हात जोडून थांबवलं. म्हटलं, चार दिवस उशीर झाला तर तिच्या तब्येतीत फरक पडेल का? ते म्हणाले, "चार दिवसांनी नाही पडणार." ज्या सुरात म्हणाले त्यावरून मला जे कळायचं ते कळलं. तरी मी वाचणार नाही. या वेळी तुझ्याआधी मला काही कळायला नको.

आई विचारत होती, "उघडत का नाहीस ते?" मी सांगितलं, ज्या बाईला हे वाचता येतं तिलाच वाचू दे. तिला हेही सांगितलं, की मी तुला सगळं लिहिलं, बाबांनी काय मागितलं होतं तेसुद्धा. ते तिला नवं होतं. रडेल असं वाटलं, ओरडेल असं वाटलं. उठली, आत गेली, बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि म्हणाली, "कशाला लिहिलंस? माझ्यावर खपून गेलं असतं की." त्यानंतर ती माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलते आहे. बरोबरच आहे.

उत्तर आलं नाही तर मी सोमवारी पुन्हा हॉस्पिटलात जाऊन दुसरी प्रत मागेन आणि आईला सांगेन. मला ते नीट सांगता येणार नाही. पण सांगेन.

ताई


२७ मार्च

ताई,

पार्सल काल मिळालं. स्लाइड्स मी स्वतः पाहिल्या, दोनदा. नंतर कुणाच्या आहेत ते न सांगता माझ्या वरिष्ठांना दाखवल्या. पाकीट त्यानंतर उघडलं. तिथल्या रिपोर्टात जे आहे तेच आमचंही मत आहे. सुरुवात फुप्फुसातून झाली आहे आणि ती मानेच्या गाठींपर्यंत आली आहे. तिचं वय आणि उतरलेलं वजन बघता मोठे उपचार सोसायचे नाहीत. त्रास कमी ठेवता येईल. ते मी बघेन.

तोपर्यंत रात्री डोक्याखाली दोन उशा दे. पाणी एकदम पिऊ देऊ नकोस, घोटाघोटाने दे. धाप लागली तर खिडकी उघड, आणि तिच्याजवळ बस. बोलत राहायची गरज नाही.

बाबांबद्दल तू लिहिलेलं वाचलं. 'गिऱ्हाइकाचा' हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. त्यावर तुझ्याशी कधी बोलेन की नाही, हे मी ठरवलेलं नाही. आले म्हणजे विसरले, असं धरू नकोस.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. रजा मिळाली आहे.

आईला मी सांगेन. तू सांगायचं नाहीस आणि कुठे लपायचंही नाही, आम्ही बोलू तेव्हा तिथेच बसायचंस. तिने किती दिवस असं विचारलं तर मी तिला सरळ उत्तर देणार आहे.

दाखल्याबद्दल आभारी आहे. अर्ज दिला, पण नवं नाव तुला कळवत नाही, आणि तू ते आईपाशी काढू नकोस. दार उघडशील तेव्हा मला छकुलीच म्हण. नवीन हाक तोंडात बसायला माणसाला सहा-सात महिने लागतात. तिच्याकडे तेवढे नाहीत.